पाठीतलं पाणी, काळी शाई

मला भीती वाटली की हसू येतं. हा दोष लहानपणापासूनचा आहे. कुणाच्या मयताला गेले तर तोंडात पदर कोंबून मागच्या रांगेत बसते. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी अशी खुदखुदत होते की मुलीत काहीतरी खोट आहे, अशी सासूबाईंची खात्रीच पटली. ती अजून पुरती गेलेली नाही. त्यामुळे आमच्या लॅबमध्ये भर दुपारी मी स्टुलावरून उठून नाचले, हे ऐकून मला ओळखणाऱ्या कुणालाही नवल वाटत नाही. त्या दिवशी मी दोनदा नाचले, आणि पहिल्यांदा नाचले ती चुकून, हे मात्र मी फारसं कुणाला सांगत नसे.

भंडारा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. कोणत्या ते विचारू नका, कारण चूक माझी होती, दवाखान्याची नव्हती. आमच्याकडे येतो तो रोजचा माल म्हणजे मलेरियाचं रक्त, सिकलसेलचं रक्त, टीबीची थुंकी. इतकी वर्षं काचेवर डोळा लावून बसल्यामुळे बाजारात कुणी भेटलं की मला आधी त्याचं हिमोग्लोबिन आठवतं, मग नाव. पाठीच्या मणक्यातून काढलेलं पाणी मात्र क्वचित येतं. ते आलं की मी स्टूल नीट पुसून, चष्मा नीट पुसून, देवपूजेला बसल्यासारखी बसते.

ते पाणी ज्याचं होतं तो सानगडीकडचा मासेमार होता. चाळिशीतला, काळाशार, खांदे रुंद पण अंगावर मांस नाही. त्याला एचआयव्ही होता आणि त्याच्या बायकोलाही. ती तिच्या गोळ्या एक दिवस चुकवत नसे. त्याने मात्र बरं वाटायला लागल्यावर परस्पर बंद करून टाकल्या होत्या, आणि बायको विचारेल म्हणून तो रोज एक गोळी तलावात टाकत होता. तीन आठवड्यांपासून त्याचं डोकं ठणकत होतं. मग ओकाऱ्या सुरू झाल्या, मग एकाचे दोन दिसायला लागले.

रक्त घ्यायला मी वॉर्डात गेले तेव्हा तो डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होता.

"दोन मॅडम कायले आल्या?" त्याने विचारलं.

"मी एकटीच आहे," मी म्हटलं.

"मले सारं दोन दोन दिसून राहिलं. डोंगा दोन, जाळं दोन. बायको भी दोन."

उशाशी बसलेली बायको फणकारली. "एकीचं आयकत नाई, दुसरी कायले पायजे याले? गोळ्या मासोळ्याईले चारल्या यानं!"

आसपासच्या चार खाटा हसल्या आणि मीही हसले. तोही हसला, पण हसताना मान आखडली आणि तो कळवळला. तेव्हा मला कळायला हवं होतं की हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही.

आमच्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला ताई म्हणतात, आणि दोघींनाही ते थोडं उलटं वाटतं. डोक्याचं सीटी स्कॅन आधीच झालेलं होतं, त्यात गाठ वगैरे काही नव्हतं. मॅडमनी सकाळी त्याच्या पाठीत सुई घालून पाणी काढलं. एक नळी नागपूरला तपासणीसाठी गेली, दुसरी माझ्याकडे आली, आणि मॅडम एका गावच्या शिबिराला निघून गेल्या.

नळी उजेडात धरली. काय सांगू, पाणी असं नितळ होतं की पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. काचेखाली पेशी मोजल्या, इनमिन तीन सापडल्या. साखर आणि प्रोटीनही फार इकडचं तिकडं नव्हतं. मला हायसं वाटलं. मेंदूच्या आवरणाला जंतू लागला की पाणी गढूळ होतं, पेशींची जत्रा भरते, हे मी शिकले होते आणि अनेकदा पाहिलंही होतं. इथे तर जत्रेचं मैदान रिकामं होतं. मी रिपोर्टवर सही ठोकली.

इतकं करून गप्प बसले असते तर मी कसली! खिडकीशी त्याची बायको उभी होती.

"बाई, काय निंघालं?"

खरं तर हे डॉक्टरांनी सांगायचं असतं. पण मला चांगली बातमी पोटात ठेवता येत नाही. "काही नाही निघालं," मी दात काढत म्हटलं. "पाणी एकदम साफ आहे."

"साफ हाये? खरंच?"

"अगदी नळाच्या पाण्यापेक्षा साफ."

तिने दोन्ही हात जोडले आणि जवळजवळ पळतच गेली. पंधरा मिनिटांनी मी चहाला निघाले तर वॉर्डाच्या व्हरांड्यात ती बोचकं बांधत होती. सोबत आलेला तिचा दीर फोनवर बोलत होता. मासे बाजारात नेणारी त्यांच्या ओळखीची छोटी गाडी होती, ती तीन वाजता येणार होती. पाण्यात काही नाही म्हणजे दुखणं दवाखान्याचं नाही, असा सरळ हिशेब झाला होता. गावाकडे एक पुजारी होता, तो मंत्र टाकून डोक्यातलं उतरवून देणार होता. माझं एक वाक्य, आणि माणूस खाटेवरून निम्मा उठला होता.

तेवढ्यात मॅडम शिबिरावरून परत आल्या. वॉर्डात डोकावून, रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये आल्या.

"ताई, पाणी साफ आहे म्हणता?"

"एकदम."

"म्हणूनच मला जास्त भीती वाटते." त्या स्टुलावर बसल्या. "ज्याच्या अंगात लढायची ताकद आहे त्याच्या मेंदूला जंतू लागला तर पेशी धावून येतात. याच्या अंगात धावून यायला उरलंय कोण? एड्सच्या माणसाचं पाणी साफ असलं तरी आत काहीही असू शकतं. टीबी असेल तर औषध वेगळं, बुरशी असेल तर वेगळं. शाई लावून पाहिलीत का?"

मी शाई लावली नव्हती. अर्थातच मला हसू आलं. मॅडम रागावल्या नाहीत. माझं हसू त्यांना माहीत आहे.

शाईची गंमत अशी. आपल्या धुळीत, कबुतरांच्या विष्ठेत एक बुरशी असते. आपण सगळेच ती श्वासाबरोबर घेतो आणि पचवून टाकतो. ज्याची प्रतिकारशक्ती संपलेली आहे त्याच्या मात्र ती मेंदूपर्यंत पोचते. तिच्या अंगाभोवती जाड, बुळबुळीत, पारदर्शक कवच असतं. पाण्याच्या थेंबात काळी शाई मिसळली तर शाई त्या कवचात शिरत नाही, आणि काळ्याभोर अंधारात गोल पेशी नि तिच्याभोवती उजेडाचं कडं दिसतं. हल्ली याच्यासाठी पट्टी मिळते, पाच-दहा मिनिटांत दोन रेघा उमटतात. पण पट्ट्या संपलेल्या होत्या, आणि नागपूरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस तरी लागणार होते. मासळीची गाडी तीनला येणार होती. घड्याळात पावणेबारा झाले होते.

"परत पाणी काढायला ती बाई हो म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. "मी आत्ताच विचारलं."

विचारल्यावर ती काय म्हणाली तेही त्यांनी सांगितलं. "आता याच्या पाठीले सुई लावू देत नाई मी. आमच्या इकडं एकाचं पानी काढलं, आठ दिवसांत गेला."

म्हणजे माझ्या नळीच्या तळाशी जे काही उरलं होतं तेवढंच. मी ती यंत्रात फिरवली. वरचं ओतलं, तळाला पाच-सहा थेंब राहिले. कपाटाच्या कोपऱ्यातून शाईची बाटली काढली, हलवली, थेंब टाकला, काच झाकली आणि डोळा लावला.

गोल! उजळ, टपोरे, काळ्या शाईत लुकलुकणारे गोल! एक, दोन, पाच, इकडे घोळकाच्या घोळका. मी दुसरी काच केली, त्यातही गोल. आनंदाच्या भरात तिसरीही केली. मग मी उठले आणि नाचले. खोटं कशाला सांगू, दोन्ही हात वर करून नाचले. "सापडली! सापडली!" असं ओरडत व्हरांड्यापर्यंत गेले. शिपाईकाकांना वाटलं माझी अंगठी सापडली.

मॅडम धावत आल्या आणि डोळा लावला. बराच वेळ बघत राहिल्या.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "नुसती शाई बघितली का?"

"नुसती म्हणजे?"

"पाठीचं पाणी न घालता. फक्त शाई."

मी फक्त शाईची काच केली. डोळा लावला. गोल! टपोरे, उजळ, घोळकाच्या घोळका.

आता मला सांगायलाच हवं. पावसाळ्याआधी केव्हातरी ती शाई आटून बुडाशी आली होती. नवी मागवायची तर मागणी, मंजुरी, वाट बघणं. म्हणून मी काय केलं? पाहुणे आले की वरणात घालतो तसं बाटलीत पाणी घातलं. तेही लॅबच्या माठातलं. हलवली, छान काळी झाली, झाकण लावलं आणि विसरून गेले. संसार करणारी बाई पुरवून वापरायला लागली की असंच करते. त्या पाण्यातली कुठलीतरी साधी बुरशी तेव्हापासून बाटलीत सुखाने नांदत होती आणि मी तिच्या बारशाला नाचले होते.

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. नळीत आता जेमतेम दोन थेंब होते. बाकीचे मी माझ्या घाणेरड्या शाईत वाया घालवले होते.

"नवी शाई कुठे मिळेल?" मॅडमनी विचारलं.

आणि मला आठवलं की काळ्या शाईची बाटली असलेल्या माणसाशी माझं लग्न झालंय.

आमचे हे चित्रकलेचे शिक्षक आहेत. त्यांची शाळा एकोडीच्या रस्त्याला. स्कूटी काढली आणि सुटले. धान कापणीचे दिवस होते. रस्त्यावर धानाने भरलेले ट्रॅक्टर इतके सावकाश चालले होते की जणू कुणाची वरातच आहे. एकाला मी डावीकडून ओलांडलं, एकाला उजवीकडून, एका बांधावर रचलेल्या धानाच्या पुंजण्याला जवळजवळ नमस्कारच घातला. ट्रॅक्टरवाला ओरडला, "आवो बाई, जिवावर बेतलं काय?" मी ओरडले, "माझ्या नाही, दुसऱ्याच्या!" आणि पुढे अर्धा किलोमीटर एकटीच हसत राहिले. एवढ्या भीतीत इतकं हलकं वाटावं, याची लाज वाटत होती आणि तरी वाटत होतं.

आमचे हे फळ्यावर बैल काढत होते.

"शाई द्या," मी दारातून म्हटलं.

"कोणती?"

"ती पेटीतली. काळी. न फोडलेली."

त्यांचा चेहरा पडला. ती बाटली ते अक्षरलेखनासाठी जपून ठेवतात. मला त्यांनी तिला हातही लावू दिलेला नाही. "काहून? काय लिहायचं आहे?"

"लिहायचं नाही. माणसाच्या पाठीतल्या पाण्यात टाकायची आहे."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. हे पेटीकडे गेले, बाटली काढली, एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "उरली तर आणशील," एवढंच म्हणाले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण या माणसावर माझं इतकं प्रेम मला कधी कळलं नव्हतं. वर्गासमोर सांगणार कसं, म्हणून निघाले.

लॅबमध्ये आले तेव्हा सव्वा वाजला होता. या वेळी आधी नुसती शाई लावली. गच्च काळोख. इकडून तिकडे काच सरकवली, कुठे काही नाही. मग नळीतला एक थेंब घेतला. मॅडमनी काच धरली.

काळोख. काळोख. पुन्हा काळोख. काच कोपऱ्याकडे सरकवली आणि ती दिसली. एकच. मधे गोल पेशी, आणि भोवती कडं, तिच्या अंगापेक्षाही रुंद, स्वच्छ, गुळगुळीत. बाटलीतल्या त्या भुरट्या गोलांना असं कडं नव्हतंच, नाचायच्या घाईत मी ते बघितलंच नव्हतं. थोडं पुढे दुसरी होती, आणि तिला बिलगून एक छोटी, अजून न सुटलेली, कडेवरच्या लेकरासारखी.

मी बाजूला सरकले. मॅडमनी डोळा लावला, आणि मग आमच्या शिस्तीच्या मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या. तेव्हा मी दुसऱ्यांदा नाचले, आणि या वेळी त्यांना घेऊन नाचले. एका माणसाच्या मेंदूत बुरशी सापडली म्हणून दोन बायका फेर धरतात, हे बाहेरून कसं दिसलं असेल! पण तिचं नाव कळलं म्हणजे तिचं औषध कळलं. मॅडमनी नागपूरला फोन लावला, खाट मिळाली, ॲम्ब्युलन्स बोलावली.

आणि त्याची बायको नाही म्हणाली.

व्हरांड्यात बोचक्यावर ती बसून होती. मॅडमनी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"सकाळी या बाईनंच सांगतलं, पानी साफ हाये. आता म्हनता बुरशी हाये. कोनाचं आयकू मी? नागपूरले नेऊन पुन्हा सुया टोचान."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. अंगणात एका बाजूला ॲम्ब्युलन्स लागत होती आणि दुसऱ्या बाजूने मासळीची गाडी वेळेआधीच आत शिरत होती. मला हसू आलं नाही. सकाळचं माझं ते दात काढणं मला आठवलं, आणि हा माणूस घरी गेला तर तो माझ्या वाक्यावर बसून जाईल, हे स्वच्छ कळलं.

"माझंही ऐकू नका," मी म्हटलं. "चला, तुम्हीच बघा."

मॅडमनी होकाराची मान हलवली. तिला मी लॅबमध्ये आणलं, स्टुलावर बसवलं. तिने आधी दोन्ही डोळे मिटले, मग चुकीचा डोळा उघडला. "काळं काळं दिसते फक्त," ती म्हणाली. मी काच नीट केली. ती वाकून बसली. मग एकदम ओरडली.

"आवो, हे तं बेडकीचे अंडे होये!"

"काय?"

"बोडीच्या पान्यात नाई रायत काय, काठाले? चिपचिप्या पान्याच्या गोळ्यात मंधात एक एक दाणा." तिने पुन्हा डोळा लावला. "हे याच्या डोस्क्यात हाये?"

"डोक्याभोवतीच्या पाण्यात."

"अन् पानी साफ दिसते."

"हो. साफच दिसतं."

ती माझ्याकडे वळली. "बेडकीचे अंडे दिसले की दहा दिवसांत बोडी भरते पिलाईनं. हे भी वाढते?"

"वाढतं," मी म्हटलं. त्या छोट्या, बिलगलेल्या पेशीकडे काच सरकवली. "ही बघा, वाढून राहिली."

तिने बघितलं. उठली, पदर खोचला आणि बाहेर गेली. मासळीच्या गाडीच्या टपावर हाताने थापटलं आणि दिराला म्हणाली, "परत ने. आमी नागपूरले जाऊन राहिलो." त्याला तिने कारण सांगितलं नाही. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना ती ड्रायव्हरला म्हणत होती, "बावा, जोऱ्यानं घे."

नागपूरला तो बरेच आठवडे होता. डोक्यातला दाब उतरवायला त्याच्या पाठीतून पुन्हा पुन्हा पाणी काढावं लागलं, आणि सुईला नाही म्हणणारी तीच बाई म्हणे डॉक्टरांच्या मागे लागायची, "आज कायले नाई काढलं? काढा ना." हे मला मॅडमनी सांगितलं. त्या दिवसाची गोष्ट मी तेव्हापासून लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले. शाईची, स्कूटीची, दुसऱ्या नाचाची. सकाळचा भाग मात्र मी गाळत असे.

उन्हाळ्यात एक दिवस खिडकीशी दोघं उभी दिसली. त्याच्या अंगावर मांस आलं होतं. गोळ्या घ्यायला आले होते, आणि सोबत स्टीलच्या डब्यात झिंगे होते.

"मॅडम," तो म्हणाला, "आता तुमी एकच दिसून राहिल्या."

शिपाईकाका हसले, मॅडम हसल्या. मीही हसायला लागले आणि मधेच मला ते सहन होईना.

"बाई," मी तिला म्हटलं, "त्या दिवशी सकाळी पाणी साफ आहे म्हणून मीच सांगितलं होतं. शाई न लावता. तुम्ही घरी गेला असता तर माझ्यामुळे गेला असता."

"मले काय मालूम नाई?" ती म्हणाली. अजिबात रागावलेली नव्हती. डब्याचं झाकण घट्ट करत तिने तो खिडकीतून आत सरकवला. "याले खरंच दिसल्या होत्या, दोन. सकाळची बाई येगळी अन् दुपारची येगळी. हे झिंगे दुपारचीसाठी आनले."

सगळे मोठ्याने हसले, नवऱ्याने तर खिडकीचा गज धरला. मी डबा छातीशी घेऊन रडत उभी होते. ती जरा घाबरली.

"आवो, रडता कायले?" ती म्हणाली. "ताजे हाये ना!"